शेवटाच्या जागी ऋणनिर्देश

माझ्या पत्नीच्या दृष्टीचा मधला भाग गेला आणि कडा तेवढ्या शिल्लक राहिल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे आम्हाला कागदावर गोल काढून समजावून सांगितले. समोर माणूस बसला तर तिला त्याचे दोन्ही कान दिसतात, चेहरा दिसत नाही. माझ्या बाबतीत तिला याची फारशी उणीव भासली नाही. पुस्तकांच्या बाबतीत मात्र भासली, कारण पुस्तकाचा सगळा जीव मधल्या भागातच असतो.

ती रहस्यकथांची वाचक. पहिल्या प्रकरणात खून, मग चौकशी आणि शेवटच्या पानावर खुनी, अशी पुस्तके तिने आयुष्यभर वाचली. मला अक्षरे उशिरा आली आणि तीही तिनेच शिकवली, कुकरच्या शिट्या मोजता मोजता. त्यामुळे मी वाचतो, पण ओळीवर बोट ठेवून वाचतो. माझ्या वाचनात खुनी जिना चढू लागला, तर तो वर पोचेपर्यंत मयत म्हातारपणाने जाण्याची शक्यता असते.

म्हणून आमच्या लेकीने घरच्या संगणकावर ‘वाचाळ’ बसवून दिला. लेक संगणकाचेच काम करते. ‘वाचाळ’ला पुस्तक दिले की तो ते मोठ्याने वाचून दाखवतो. आवाज बरा आहे. मध्येच दम लागल्यासारखे थांबतो, तेही बरे वाटते.

“केवढ्याला पडला?” मी विचारले.

“फुकट आहे, बाबा. जगभरातली हौशी माणसं घरबसल्या बनवतात. कुणीही घ्यावा, कुणालाही द्यावा, पटलं नाही तर बदलावा.”

“फुकट? मग त्यांना काय मिळतं?”

“काही नाही.”

मी आयुष्यभर नळदुरुस्ती केली. फुकटात नळ दुरुस्त करणारा मनुष्य मी एकच पाहिला, आणि तो त्या घरच्या मुलीच्या प्रेमात होता. मी लेकीला तसे बोलून दाखवले नाही, पण मनात नोंद केली.

पत्नीने पहिली कादंबरी ऐकायला घेतली. एका बंगल्यात श्रीमंत म्हातारा मारला जातो. संशय त्याच्या डॉक्टरवर, पुतण्यावर, आचाऱ्यावर आणि डॉक्टरच्या मेहुणीवर. हिचा संशय पहिल्यापासून मेहुणीवर होता. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो. ही सोफ्यावर पुढे सरकून बसली. वाचाळ म्हणाला, “मंडळी, खुनी या खोलीतच आहे. आणि तो दुसरा तिसरा कोणी नसून दातवाला. संकल्पना आणि मूळ रचना.”

मग आवाज बंद झाला.

“दातवाला कोण?” ही म्हणाली.

“मला काय माहीत? तूच ऐकत होतीस.”

“अहो, पण तो आलाच नाही ना कुठे. शेवटच्या ओळीत एकदम माणूस आणून उभा करायचा म्हणजे काय? फसवणूक आहे ही.”

तिने चिडून दुसरी कादंबरी लावली. तिथेही ऐन वेळी दातवालाच निघाला. तिसरीत खून जहाजावर होता, किनाऱ्यापासून फार दूर, तरी दातवाला. तेव्हा तिने मला हाक मारली आणि थंडपणे सांगितले, “हा मनुष्य मोकाट फिरतोय आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.”

मी लेकीला फोन केला. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, “दातवाला म्हणजे वाचाळ ज्यानं सुरू केला तो. तिथे सगळे टोपणनावानंच वावरतात. पुस्तक संपलं की काम करणाऱ्यांची नावं येतात, तो ऋणनिर्देश. काहीतरी बिघडलंय आणि शेवटचं वाक्य गिळलं जातंय. त्यांच्या मंडळावर तक्रार टाका ना. फार चांगली माणसं आहेत.”

मी तक्रार टाकली. ‘पुस्तकाचे शेवटचे वाक्य ऐकू येत नाही. पत्नी खोळंबली आहे.’ टोपणनाव विचारले होते, तिथे ‘नळवाला’ असे लिहिले.

चहा कपात ओतेपर्यंत उत्तर आले. भिंगरी नावाच्या बाईंनी लिहिले होते, “प्रिय नळवाला, तुमच्या अमूल्य योगदानाबद्दल मंडळ तुमचे मनःपूर्वक ऋणी आहे.” खाली हृदयाची चित्रे होती. मी ते दोनदा वाचले, बोट ठेवून. आयुष्यभर मी लोकांच्या मोरीखाली पालथा पडून काम केले. पाणी सुरू झाले की लोक नळाकडे पाहतात, नळवाल्याकडे पाहत नाहीत. इथे मी नुसती तक्रार केली होती, काम अजून कोणी केलेच नव्हते, आणि मला हृदये आली होती.

पत्राच्या शेवटी मंडळाचा पहिला नियम होता. जो तक्रार आणील, तो त्या तक्रारीचा पालक. पालकाने तक्रारीचा सांभाळ करावा, तिला वाऱ्यावर सोडू नये. पालक हा मंडळाचा सदस्य समजावा आणि नव्या सदस्याचे नाव, त्याचा उत्साह टिकावा म्हणून, ऋणनिर्देशात सर्वांच्या आधी घ्यावे.

दुसऱ्या दिवशी वाचाळची नवी आवृत्ती आपोआप उतरली. हिने मोठ्या आशेने पहिली कादंबरी पुन्हा शेवटाकडून लावली. मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. वाचाळ म्हणाला, “मंडळी, खुनी या खोलीतच आहे. नळवाला. तक्रार.”

हिने मान वळवून माझ्या दोन्ही कानांकडे पाहिले.

“हे काय नवीन?” ती म्हणाली.

“ते माझं नाव आहे,” मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमान आला असावा, कारण तिने कपाळाला हात लावला.

मंडळाची बैठक संगणकाच्या पडद्यावर भरते. तिथे पहिल्याने हे सांगण्यात आले की आमच्यात कोणी लहान-मोठा नाही, सगळे समान आहेत. मग समानांच्या पायऱ्या समजावून सांगण्यात आल्या. सर्वांत खाली पालक, त्याच्यावर पारखी, पारख्याच्या वर उपराखणदार आणि सर्वांच्या वर राखणदार. राखणदार हुकूम देत नाही. तो फक्त “मला असं वाटतं” असे म्हणतो, आणि मग इतरांनाही तसेच वाटेपर्यंत बैठक संपत नाही.

नव्या सदस्यासमोर प्रत्येकाने, आपण हे काम फुकट का करतो, ते सांगण्याची पद्धत आहे. राखणदार दातवाला पेशाने दंतवैद्य. तो म्हणाला, “दिवसभर माणसं माझ्यासमोर तोंड उघडून बसतात, पण एक शब्द बोलत नाहीत. शेवटी मी स्वतःच एक बोलणारं यंत्र बनवलं.” भिंगरी एका मोठ्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. तक्रार ऐकायची, पण सोडवायची नाही, असा तिला तिथे सक्त आदेश आहे. इथे तशी सक्ती नाही, म्हणून ती येते. तिसरा मुद्देसूद, उपराखणदार आणि निवृत्त अधिकारी. तो म्हणाला, “घरी मी काहीही म्हणालो की सगळे लगेच ‘बरं’ म्हणतात. माणसाचा असा अपमान इथे होत नाही.” चौथा मौनी. त्याचा चौकोन काळा होता आणि त्यातून कधीच आवाज येत नसे. लेकीने मला नंतर सांगितले की वाचाळचे जवळजवळ सगळे काम मौनीच करतो, पण बैठकीत त्याविषयी बोलणे बरे दिसत नाही, कारण सगळे समान आहेत.

“आणि आपण, नळवाला?”

“बायकोला शेवट ऐकायचाय,” मी म्हणालो.

भिंगरीने डोळे पुसले. दातवाला म्हणाला, “मंडळी, यासाठीच आपण हे करतो.” सर्वांनी हृदये पाठवली. मौनीच्या चौकोनातून खाकरल्यासारखा आवाज आला, पण तो बहुधा आमच्याच घरातला होता.

मग मुद्देसूदाने हात वर केला. “एक शंका. पुस्तक पडद्यावर दिसतं ना? मग शेवटचं वाक्य नळवाल्यांनी स्वतः वाचून दाखवलं तर?”

“दाखवीन की,” मी म्हणालो. “एक वाक्य म्हणजे काय, संध्याकाळपर्यंत होईल.”

“मग अडचण अशी,” मुद्देसूद म्हणाला, “की पर्यायी मार्ग उपलब्ध असेल, तर तक्रार कनिष्ठ श्रेणीत जाते. कनिष्ठ श्रेणीतली तक्रार आजवर कोणी सोडवलेली नाही. तुम्ही वाक्य वाचून दाखवलंत, तर तुमच्या बायकोचं भागेल. पण जगातल्या इतर बायकांचं काय?”

जगातल्या इतर बायकांचा विचार मी यापूर्वी इतक्या व्यापक दृष्टीने केलेला नव्हता. मी तत्त्वतः वाचून दाखवणार नाही, असे बैठकीला वचन दिले.

हिला ते सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती. “म्हणजे अक्षरं मी शिकवली, वाक्य समोर आहे, तुम्ही रिकामे आहात, आणि तुम्ही वाचणार नाही.”

“व्यापक हितासाठी.”

“बरं,” ती म्हणाली. मला मुद्देसूदाचे दुःख समजले.

यानंतर तक्रारीचे मूळ शोधण्यात आले. ते असे. जुन्या, लहान संगणकांवरही वाचाळ चालावा, कोणी गरीब मनुष्य वंचित राहू नये, म्हणून प्रत्येक पुस्तकाला ठरावीक जागा दिलेली होती. त्या जागेत आधी ऋणनिर्देश ठेवायचा आणि उरलेल्या जागेत पुस्तक बसवायचे. ‘माणसे आधी, काम नंतर’ हे दातवाल्याचे मूळ तत्त्व. दातवाला एकटा होता तेव्हा पुस्तक जेमतेम पुरत असे. मग त्याने स्वतःच्या नावापुढे ‘संकल्पना आणि मूळ रचना’ हे शब्द घातले, आणि दिवाणखान्यातले एक वाक्य बाहेर पडले. इतर सदस्य काम करीत होतेच, पण त्यांची नावे घालायला कोणी मोकळे नव्हते. माझ्या तक्रारीच्या निमित्ताने ती राहून गेल्याचे लक्षात आले, आणि ती घालण्यात आली.

नव्या आवृत्तीत वाचाळ म्हणाला, “इन्स्पेक्टरने दिवाणखान्याचे दार आतून लावून घेतले. नळवाला, तक्रार. भिंगरी, तक्रारीचे स्वागत. मुद्देसूद, तक्रारीवर हरकत. दातवाला, हरकतीबद्दल खंत.”

“खोलीत आहे म्हणेपर्यंत तरी पोचला होता,” ही म्हणाली. “आता दारातच अडकला.”

अशातच एके सकाळी मौनीने दुरुस्ती पाठवली. त्याने ऋणनिर्देशाची जागा पुस्तकाच्या जागेपासून वेगळी करून टाकली होती. एवढेच काम. पण दुरुस्तीसोबत तिचे कारण लिहावे लागते, आणि मौनीने कारणाच्या रकान्यात ‘गरज’ असे लिहिले होते. मुद्देसूदाने हरकत घेतली की हा शब्द त्रोटक आहे आणि त्रोटकपणात तुसडेपणा जाणवतो. भिंगरीने, कोणी दुखावले गेले असल्यास, सर्वांची क्षमा मागितली. आपापसात सौम्य बोलावे यासाठी आचारसंहिता तयार करायचे ठरले. तिच्यासाठी समिती नेमली गेली. समितीत सौम्यपणाच्या व्याख्येवरून इतके कडाक्याचे भांडण झाले, की समितीच्या सदस्यांसाठी स्वतंत्र आचारसंहिता करावी लागली. दुरुस्ती तेवढा वेळ ‘विचाराधीन’ राहिली.

मौनी याच सुमारास मंडळ सोडून गेला असावा. नक्की कधी गेला हे सांगता येत नाही, कारण तो असतानाही असाच गप्प असे.

आचारसंहिता तयार करणाऱ्यांची नावे ऋणनिर्देशात घेतली. नव्या आवृत्तीत इन्स्पेक्टरची गाडी बंगल्याकडे निघाली, पण पोचली नाही.

दरम्यान जगभरातून तक्रारी येऊ लागल्या. कोणाचे प्रवासवर्णन परतीच्या तिकिटाशी थांबले. एका गृहस्थांनी कळवले की त्यांचे आत्मचरित्र ऐकताना त्यांचे लग्नच झाले नाही, आणि असे का होते ते समजेपर्यंत कृपया दुरुस्त करू नये. भिंगरीने प्रत्येकाला हृदये पाठवली, पालक नेमले, नाव घेतले. नावे वाढली म्हणून पुस्तके आखूड झाली, पुस्तके आखूड झाली म्हणून तक्रारी वाढल्या, आणि तक्रारी वाढल्या म्हणून नावे. मंडळाच्या वाढीचा आलेख दातवाल्याने बैठकीत दाखवला. तो सरळ वर गेला होता. जिथे मंडळ वर जात होते, तिथेच पुस्तक खाली येत होते, पण ती रेघ त्याने काढली नव्हती.

शेवटी मीच धीर करून म्हणालो, “मला असं वाटतं, नावंच काढून टाकली तर?”

दातवाला गहिवरून म्हणाला, “नळवाला, तुम्ही आम्हाला आरसा दाखवलात. आपण नावासाठी थोडंच हे करतो?”

“मुळीच नाही,” भिंगरी म्हणाली.

“छे,” मुद्देसूद म्हणाला, आणि त्याने कशालाच हरकत न घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

सर्व सदस्यांनी आपापल्या नावाचा त्याग करावा असा ठराव एकमताने संमत झाला. इतका मोठा त्याग मंडळाच्या इतिहासात झालेला नसल्याने त्याची दखल घेणे भागच होते. म्हणून ज्यांनी ज्यांनी नावाचा त्याग केला, त्यांचा नावानिशी विशेष ऋणनिर्देश करायचे ठरले. प्रत्येकाच्या त्यागाची थोडक्यात पार्श्वभूमीही द्यायची होती. माझी पार्श्वभूमी मी स्वतः लिहिली. ती लिहिताना मला जाणवले की अक्षरे शिकल्यापासून मी एवढे सलग कधी लिहिलेच नव्हते.

त्या आवृत्तीत म्हातारा संध्याकाळचा फेरफटका मारून सुखरूप घरी परतला आणि त्याला कोणी मारले नाही.

“खून कुठे आहे?” हिने विचारले.

“टळला,” मी म्हणालो. “हे मंडळाचं यश म्हणायला हरकत नाही.”

ती उठून भिंतीला हात लावत आत गेली. संध्याकाळी ती खिडकीशी नुसती बसलेली दिसली. पूर्वी त्या वेळी तिच्या हातात पुस्तक असे, आणि मध्येच “पुतण्या नाही गं बाई, पुतण्या नाही,” असे ती स्वतःशीच म्हणत असे. मला ते ऐकण्याची सवय होती. मी तिला काहीतरी म्हणणार होतो, पण बैठकीची वेळ झाली.

त्यानंतरच्या एका बैठकीला मी हिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेल्यामुळे हजर नव्हतो. त्याच बैठकीत दातवाल्याला विश्रांती हवी झाली आणि नव्या राखणदाराची निवड झाली. जो गैरहजर असतो तो नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे मंडळाच्या सर्व नेमणुका गैरहजेरीतच होतात. घरी येऊन पाहतो तो माझे अभिनंदन झालेले. लेकीला फोन केला.

“बाबा, तुम्हाला आज्ञावलीतलं एक अक्षर कळत नाही.”

“ते काम आता माझं नाहीच. मला फक्त ‘मला असं वाटतं’ म्हणायचंय.”

“आणि आईच्या शेवटाचं?”

“तो विषय अजेंड्यावर आहे,” मी म्हणालो. हा शब्द मी नुकताच शिकलो होतो आणि तो तोंडात फार छान बसत होता.

राखणदार म्हणून मी मंडळाला ज्या उंचीवर नेले, ते सांगणे मला शोभणार नाही, पण ते ऋणनिर्देशात आहे. वाचाळ ऐकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी तक्रार केली होती आणि म्हणून प्रत्येक जण सदस्य झाला होता. आता कुठलेही पुस्तक लावले तरी त्यातले पहिले वाक्य तेवढे ऐकू येई, आणि मग सदस्यांची नावे सुरू होत. हिच्या कादंबरीचे पहिले वाक्य होते, ‘त्या सकाळी बंगल्यात सारे काही ठीक होते.’ पुढे सगळी आमचीच माणसे. लोक मन लावून ऐकत, आपले नाव आले की बंद करीत आणि समाधानाने झोपत. तक्रारी येणे थांबले. एकही तक्रार शिल्लक नसलेले जगातले आमचे एकमेव मंडळ असावे. त्याबद्दल आम्ही एकमेकांचा सत्कार केला.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी एक तक्रार आली. टोपणनाव नव्हते. मजकूर असा: ‘पुस्तक ऐकू येत नाही. नवरा खोळंबला आहे, मंडळात.’

लेक तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती, आणि स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी नियमाला धरून वागलो. ही तक्रार पूर्वीच्याच एका तक्रारीसारखी आहे, सबब दुबार समजून बंद करण्यात येत आहे, असे लिहिले. पूर्वीची ती तक्रार कोणाची, ते पाहिले तर माझीच निघाली. तिच्यावर बराच काळ काही हालचाल नव्हती. म्हणून तीही बंद केली.

संध्याकाळी ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध, जिथे तिला काहीच दिसत नाही, तिथे रोखून पाहत म्हणाली, “मी वेगळी चूल मांडतेय.”

“अगं, या वयात? लोक काय म्हणतील?”

“अहो बाबा, घर सोडून नाही,” लेक म्हणाली. “वाचाळ सोडून. ज्याला पटत नाही त्यानं वाचाळची प्रत घ्यावी, हवी तशी बदलावी आणि आपली वेगळी चालवावी. तुमच्याच मंडळाचा नियम आहे. पहिल्या पानावर लिहिलाय.”

पहिल्या पानावर होता खरा. राखणदार झाल्यापासून मी पहिले पान वाचले नव्हते.

लेकीने मौनीची ती विचाराधीन दुरुस्ती शोधून काढली, ती वाचाळच्या प्रतीत बसवली आणि वर ऋणनिर्देशही सबंध पुसून टाकला. हे सगळे गॅसवर दूध तापायला ठेवून झाले, आणि दूध उतू गेले नाही.

“एवढंच होतं, तर तू आधीच का नाही केलंस?” मी विचारले.

“तुम्हीच राखणदार ना, बाबा,” ती म्हणाली. “म्हटलं, तुमचा मान राखावा.”

हिने लेकीच्या संगणकावर कादंबरी लावली आणि दार लोटून घेतले. मी बाहेर बैठकीत होतो. विषय होता, कोणी वेगळी चूल मांडल्यास त्याचे अभिनंदन सौम्य भाषेत करावे की त्याच्यावर सौम्य भाषेत बहिष्कार घालावा. दारातून वाचाळचा आवाज अस्पष्ट येत होता. इन्स्पेक्टरची गाडी पोचली असावी. मग ही मोठ्याने म्हणाली, “अगं बाई,” आणि नंतर कितीतरी वेळ हसत राहिली. तसे हसणे आमच्या घरात तिचे डोळे गेल्यापासून झाले नव्हते. दातवाला विचारत होता, “राखणदार, आपल्याला काय वाटतं?” मला काय वाटत होते ते अजेंड्यावर नव्हते.

मी संगणक बंद केला आणि आत गेलो.

तिच्या चुलीला नियम एकच आहे. ज्याला काम करायचे असेल त्याने करावे आणि जावे, नाव सांगू नये. अशा अटीवर तिच्याकडे कोण येणार, असे मंडळात सगळे म्हणाले. पहिल्याच दिवशी एक जण आला. काही बोलला नाही. वाचाळला मध्येच दम लागतो तो दोष काढून गेला. हिला ते आवडले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालून गेला.

“आता सांग,” मी तिच्याशेजारी सोफ्यावर बसत म्हणालो. “कोण निघालं? मेहुणी का?”

“तक्रार नोंदवा.”

“अगं, वर्ष गेलं माझं त्यात.”

“मी बंद केली असती. दुबार आहे.”

“मग मी स्वतः वाचीन. पडद्यावर आहे ना.”

“वाचा की,” ती म्हणाली. “मीही ऐकते. बोट ठेवून वाचलंत तरी चालेल. मला कुठे जायचंय?”

मी खुर्ची ओढून घेतली आणि चष्मा पुसला. शेवटचे पान उघडून ओळीवर बोट ठेवले आणि वाचू लागलो. ही सोफ्यावर पुढे सरकून बसली, जणू तिला काहीच माहीत नाही. दिवाणखान्याचे दार आतून लागले. सगळे गोळा झाले. इन्स्पेक्टरने घसा खाकरला. चहा गार झाला तरी ती हलली नाही. आणि अखेर माझे बोट त्या ओळीवर येऊन पोचले. ते सगळे मी इथे जसेच्या तसे उतरवतो आहे. मंडळी, खुनी या खोलीतच आहे. आणि तो दुसरा तिसरा कोणी नसून

वाचक, तक्रार. लेक, टंकलेखन. नळवाला, उरलेले सगळे.